बांधणी, संगणक आज्ञावलींची : मुक्त स्रोत प्रकल्पांतील दोष व त्यांचा शोध

माणसाला वाचता येईल अशा भाषेत लिहिलेल्या मूळ फाइलींपासून संगणकावर प्रत्यक्ष चालणारी आज्ञावली तयार करण्यासाठी ज्या क्रिया ओळीने कराव्या लागतात, त्या सर्वांना मिळून ‘बांधणी’ असे म्हणतात. व्यवहारात ‘बिल्ड’ हाच शब्द रूढ आहे. या क्रिया कोणत्या क्रमाने व कोणत्या फाइलींवर करावयाच्या हे ठरविणाऱ्या साधनास बांधणी-व्यवस्था म्हणतात. मेक, ऑटोकॉन्फ, सीमेक, निन्जा व मेसन ही अशा साधनांची परिचित उदाहरणे होत. [⟶ संगणक].

ज्या आज्ञावलीची मूळ फाइल पाहण्याची, बदलण्याची व पुन्हा वाटण्याची मुभा परवान्याने सर्वांना दिलेली असते, तिला मुक्त स्रोत आज्ञावली म्हणतात. विकत मिळणाऱ्या आज्ञावलीची बांधणी तिच्या निर्मात्याच्या घरी, त्याने निवडलेल्या यंत्रावर एकदाच होते व ग्राहकाच्या हाती तयार वस्तू पडते. मुक्त स्रोत प्रकल्पाची बांधणी मात्र कोणीही, कोठेही आणि कोणत्याही यंत्रावर करू शकतो. या यंत्रांवरील कार्यकारी प्रणाली, कंपायलरची आवृत्ती व बसविलेल्या लायब्रऱ्या एकसारख्या नसतात. परिणामी नवख्या माणसाची अशा प्रकल्पाशी पहिली गाठ बहुधा बांधणीतील एखाद्या दोषसंदेशाच्या रूपानेच पडते. बदल करण्याचा हक्क परवान्याने दिला, पण बांधणीच पार पडत नसेल, तर तो हक्क कागदावरच राहतो. म्हणून बांधणीतील दोषांचा शोध हा केवळ कारागिरीचा विषय मानता येत नाही.

बांधणीचे टप्पे : सी भाषेतील आज्ञावलीचे उदाहरण सोयीचे आहे. प्रथम पूर्वप्रक्रियक प्रत्येक मूळ फाइलीत हेडर फाइलींचा मजकूर आणून घालतो. हेडरमध्ये फलनांची व माहितीच्या रचनांची केवळ घोषणा असते, प्रत्यक्ष कृती नसते. त्यानंतर भाषांतरक, म्हणजे कंपायलर, त्या मजकुराचे यंत्राज्ञांत रूपांतर करतो व प्रत्येक मूळ फाइलीमागे एक ऑब्जेक्ट फाइल निर्माण होते. शेवटी जोडक, म्हणजे लिंकर, या सर्व ऑब्जेक्ट फाइली आणि लागणाऱ्या लायब्रऱ्या एकत्र करून चालणारी आज्ञावली तयार करतो. मोठ्या प्रकल्पांत या सर्वांच्या आधी ‘संरूपण’ हा आणखी एक टप्पा असतो. त्यात यंत्रावर काय उपलब्ध आहे याची चाचपणी करून त्याप्रमाणे पुढील क्रियांच्या सूचना लिहिल्या जातात. दोष कोणत्या टप्प्यात उद्भवला हे ओळखता आले की निम्मे काम झाले असे समजण्यास हरकत नाही. कारण प्रत्येक टप्प्याची भाषा निराळी आहे आणि एका टप्प्यातील उपाय दुसऱ्या टप्प्यात निरुपयोगी ठरतो.

मेकचा उगम : या क्षेत्रातील मूळ साधन मेक हे होय. ते अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये तयार केले. त्याची जन्मकथा दोषशोधनाच्या दृष्टीने उद्‌बोधक आहे. फेल्डमन यांचे सहकारी स्टीव्ह जॉन्सन यांची एक सकाळ आज्ञावलीतील चूक शोधण्यात वाया गेली. वस्तुतः ती चूक त्यांनी आधीच दुरुस्त केलेली होती. फक्त दुरुस्त फाइल पुन्हा कंपायलरमधून काढावयाची राहून गेली होती व जुनीच ऑब्जेक्ट फाइल जोडली जात होती. फेल्डमन यांनाही आदल्या संध्याकाळी असाच त्रास झालेला होता. यातून त्यांनी दोन-तीन दिवसांत मेकची पहिली आवृत्ती लिहिली. या कामाबद्दल त्यांना २००३ चे असोसिएशन फॉर कंप्युटिंग मशिनरी या संस्थेचे सॉफ्टवेअर प्रणाली पारितोषिक देण्यात आले.

मेकची कल्पना अगदी साधी आहे. ‘मेकफाइल’ नावाच्या फाइलीत नियम लिहिलेले असतात. प्रत्येक नियमात एक लक्ष्य, ते ज्यांवर अवलंबून आहे त्या फाइलींची यादी व ते तयार करण्याच्या आज्ञा असतात. लक्ष्य अस्तित्वात नसेल, किंवा ते ज्यावर अवलंबून आहे अशी एखादी फाइल त्याच्यापेक्षा नवी असेल, तरच आज्ञा पाळल्या जातात. एरवी ते काम वगळले जाते. नवे-जुने ठरविण्यासाठी मेक फाइलीच्या अंतरंगात डोकावत नाही. फाइलीवरील बदलाची वेळ तेवढी पाहते. मेकचा वेग व तिचे बहुतेक दोष या दोन्हींचे मूळ या एका गोष्टीत आहे.

मेकफाइलीत आज्ञेची ओळ टॅब या अदृश्य चिन्हानेच सुरू व्हावी लागते. टॅबऐवजी आठ रिकाम्या जागा दिल्यास डोळ्यांना फरक दिसत नाही, परंतु मेक ‘मिसिंग सेपरेटर’ असा संदेश देऊन थांबते. ही अडचण फेल्डमन यांच्या लवकरच लक्षात आली होती; पण तोवर मेक वापरणारी सुमारे डझनभर माणसे झाली होती, त्यांतील बहुतेक मित्रच होते आणि त्यांच्या फाइली बिघडवणे त्यांना प्रशस्त वाटले नाही. डझनभर लोकांच्या सोयीसाठी ठेवलेला हा नियम अर्धशतकानंतरही जगभरच्या विद्यार्थ्यांना छळतो आहे.

संदेश वाचण्याची रीत : बांधणी फसली की पडद्यावर शेकडो ओळी सरकून जातात व शेवटची ओळ डोळ्यांसमोर उरते. नवशिका माणूस तीच ओळ घेऊन मदत मागतो. ही सर्वांत सामान्य चूक होय. मोठ्या प्रकल्पात मेकची एक प्रत उपनिर्देशिकांत दुसऱ्या प्रती चालवीत असते. आतील प्रत अपयशी झाली की बाहेरची प्रत ‘एरर २’ असे नोंदवून थांबते, तिच्या बाहेरची पुन्हा तसेच नोंदविते. म्हणजे शेवटच्या काही ओळी हे केवळ पडसाद असतात. खरा दोष त्याच्या वर, कंपायलर अथवा लिंकर यांनी दिलेल्या पहिल्या संदेशात असतो. पहिल्या चुकीने गोंधळलेला कंपायलर पुढे डझनावारी खोट्या चुका सांगतो. पहिली दुरुस्त केली की त्या आपोआप नाहीशा होतात. पहिला संदेशदेखील अचूक जागा दाखवील असे नाही. एखाद्या हेडरच्या अखेरीस अर्धविराम राहिला, तर दोष बऱ्याचदा त्या हेडरमागून वाचल्या जाणाऱ्या निर्दोष फाइलीच्या माथी मारला जातो.

एकाच वेळी अनेक कामे चालविण्याचा ‘-जे’ हा पर्याय दिलेला असल्यास निरनिराळ्या कामांचे संदेश एकमेकांत मिसळतात आणि पहिला कोणता हेच कळेनासे होते. अशा वेळी एकेक काम चालवून बांधणी पुन्हा करावी. तसे केल्यावर दोष नाहीसाच झाला, तर तेही एक निदानच आहे. मेकफाइलीत कोठे तरी अवलंबित्व लिहावयाचे राहिले आहे असा त्याचा अर्थ होतो. एकामागून एक कामे होत असताना क्रम योगायोगाने बरोबर पडत होता; कामे एकदम सुरू होताच एका कामाला दुसऱ्याने अद्याप न निर्मिलेली फाइल हवीशी झाली. असा दोष एका यंत्रावर दिसतो, दुसऱ्यावर दिसत नाही आणि त्याच यंत्रावर दहांतून एकदाच दिसतो. पीटर मिलर यांनी १९९७-९८ च्या सुमारास लिहिलेल्या एका प्रसिद्ध निबंधात उपनिर्देशिकांत मेकच्या स्वतंत्र प्रती चालविण्याच्या प्रथेवर याच कारणासाठी टीका केली. अवलंबित्वाचे जाळे तुकड्यांत विभागले गेल्याने कोणत्याही एका प्रतीला संपूर्ण चित्र दिसत नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते. ते सर्वमान्य झाले, पण प्रथा मात्र अनेक ठिकाणी तशीच चालू राहिली.

अनेक प्रकल्प पडदा स्वच्छ दिसावा म्हणून प्रत्यक्ष आज्ञा लपवून फक्त फाइलीचे नाव छापतात. लपलेली आज्ञा उघड करून पाहणे ही शोधाची पहिली पायरी होय. लिनक्सच्या गाभ्यासाठी ‘व्ही=१’, सीमेकने निर्मिलेल्या मेकफाइलींसाठी ‘व्हर्बोज=१’ व निन्जासाठी ‘-व्ही’ हे संकेत आहेत. काय केले जाईल हे प्रत्यक्ष न करता सांगणारा ‘-एन’ आणि प्रत्येक काम कोणत्या कारणाने हाती घेतले हे सांगणारा ‘--ट्रेस’ हे पर्याय जीएनयू मेकमध्ये आहेत; यांपैकी दुसरा २०१३ मधील ४.० या आवृत्तीपासून उपलब्ध झाला.

संरूपणातील दोष : युनिक्सच्या नाना प्रकारांवर एकच आज्ञावली चालावी यासाठी डेव्हिड मॅकेंझी यांनी १९९१ मध्ये ऑटोकॉन्फ हे साधन रचले. त्याने निर्माण केलेली ‘कॉन्फिगर’ ही संहिता यंत्राला एकेक प्रश्न विचारते. हे हेडर आहे काय, हे फलन अमुक लायब्ररीत आहे काय, असे प्रश्न विचारण्याची तिची रीत म्हणजे एक चिमुकली आज्ञावली लिहून तिची बांधणी करून पाहणे. बांधणी झाली तर उत्तर होकारार्थी, न झाल्यास नकारार्थी. येथे बांधणीतील अपयश हा दोष नसून उत्तर असते, आणि हा मुद्दा पुढे महत्त्वाचा ठरतो.

‘कॉन्फिगर’ मध्येच थांबली, तर पडद्यावर एखादी लायब्ररी सापडली नाही एवढेच दिसते. तपशील ‘कॉन्फिग.लॉग’ या फाइलीत असतो. तीत प्रत्येक चाचणीची आज्ञावली, दिलेली आज्ञा आणि कंपायलरचे म्हणणे शब्दशः नोंदविलेले असते. ही फाइल न पाहता केलेला तर्क बहुधा चुकतो. लायब्ररी बसविलेली असूनही ती सापडत नाही, ही तक्रार नित्याची आहे. डेबियन, फेडोरा यांसारख्या लिनक्स वितरणांत लायब्ररीचे दोन भाग केलेले असतात. तयार आज्ञावली चालविण्यास लागणारा भाग एका गठ्ठ्यात व बांधणीस लागणारी हेडरे दुसऱ्या गठ्ठ्यात असतात. दुसऱ्याच्या नावाअखेर डेबियनमध्ये ‘-डेव्ह’ व फेडोरात ‘-डेव्हल’ असे असते. वापरणाऱ्याजवळ पहिलाच भाग असतो, आणि हेडर नाही या संदेशाचे कारण बहुतांशी एवढेच निघते.

सीमेक हे साधन २००० च्या सुमारास किटवेअर या अमेरिकन कंपनीत, वैद्यकीय प्रतिमांवर प्रक्रिया करणाऱ्या एका लायब्ररीच्या निमित्ताने निर्माण झाले. एकदा मिळालेली उत्तरे ते ‘सीमेककॅश’ या फाइलीत साठवून ठेवते. त्यामुळे काम जलद होते. परंतु गहाळ लायब्ररी बसविली अथवा कंपायलर बदलला, तरी जुनेच उत्तर पुढे येत राहते. बांधणी मूळ फाइलींपासून वेगळ्या निर्देशिकेत करावी व शंका येताच ती निर्देशिका पुसून पुन्हा आरंभ करावा, हा उपाय कमीपणाचा नाही. अनुभवी लोकही तो प्रथम करून पाहतात.

कालमुद्रांमुळे होणारे दोष : मेकचा सर्व भरवसा वेळेवर असल्याने घड्याळ चुकले की निर्णय चुकतो. फाइली दुसऱ्या यंत्रावर जाळ्यामार्फत ठेवलेल्या असतील व दोन्ही घड्याळांत अंतर असेल, तर मेकला भविष्यकाळातील फाइली दिसतात. अशा वेळी ती ‘क्लॉक स्क्यू’ असा इशारा देते व बांधणी अपुरी राहिली असेल असे बजावते. याहून वारंवार घडणारा प्रकार निराळा आहे. ऑटोकॉन्फ व ऑटोमेक वापरणारे प्रकल्प आपल्या प्रकाशित गठ्ठ्यात ‘कॉन्फिगर’ तयार करूनच देतात, म्हणजे ग्राहकाला ती साधने लागत नाहीत. पण फाइलींची नक्कल करताना किंवा त्या गिट या आवृत्ती-नोंदणी व्यवस्थेतून काढताना त्यांवर नव्या वेळा पडतात. मग तयार फाइल तिच्या मूळ फाइलीपेक्षा जुनी ठरते, मेक ती नव्याने निर्माण करू पाहते व ‘एसीलोकल-१.१५ आढळत नाही’ असा संदेश येतो. वापरणारा गोंधळतो, कारण त्याने असे काही मागितलेलेच नसते. ऑटोमेकची नेमकी तीच आवृत्ती शोधत बसण्याऐवजी स्वतःच्या यंत्रावरील आवृत्तीने ‘ऑटोरीकॉन्फ’ चालविणे श्रेयस्कर होय.

वर सांगितलेले दोष निदान बोलून तरी दाखवितात. न बोलणारा दोष अधिक घातक असतो. समजा, दोन मूळ फाइली एकाच हेडरमधील एका रचनेचा उपयोग करतात. पण मेकफाइलीत पहिलीच फाइल त्या हेडरवर अवलंबून असल्याचे लिहिले आहे. रचनेच्या मध्यभागी एक नवा घटक घातला, तर पहिल्या फाइलीचे रूपांतर पुन्हा होते, दुसरीचे होत नाही. लिंकरला केवळ नावे दिसतात, रचनेचा आकार दिसत नाही. त्यामुळे तो विनातक्रार दोन्ही जोडतो. बांधणी यशस्वी होते आणि आज्ञावली चालताना एक भाग दुसऱ्याची माहिती चुकीच्या जागेवरून वाचतो. सर्व पुसून पुन्हा बांधल्यावर नाहीसा होणारा दोष बहुधा या जातीचा असतो. तो एकदा नाहीसा झाला म्हणून समाधान मानणे धोक्याचे आहे. हेडर बदलताच तो परत येईल. हेडरांची यादी हाताने लिहिण्याऐवजी कंपायलरकडूनच लिहून घेण्याची सोय जीसीसीमध्ये ‘-एमएमडी’ या पर्यायाने होते व तीच येथे खरा उपाय होय.

कंपायलर व लिंकर यांचे दोष : कालपर्यंत बिनतक्रार होणारी बांधणी कंपायलरची नवी आवृत्ती येताच मोडते, असा अनुभव मुक्त स्रोत प्रकल्पांना वरचेवर येतो. जीसीसीच्या मे २०२० मधील १० व्या आवृत्तीने असाच एक बदल केला. हेडरमध्ये एखादे चल ‘एक्स्टर्न’ न म्हणता लिहिल्यास ते हेडर घेणाऱ्या प्रत्येक फाइलीत त्या चलाची एकेक प्रत होते. जुनी आवृत्ती या प्रती गुपचूप एकत्र करीत असे. नव्या आवृत्तीने ते थांबविल्यामुळे ‘मल्टिपल डेफिनिशन’ हा संदेश देऊन लिंकर अडू लागला. ‘-एफकॉमन’ हा पर्याय देऊन जुनी वागणूक परत मिळते. पण तो तात्पुरता टेकू आहे. चलाची व्याख्या एकाच फाइलीत करून हेडरमध्ये केवळ घोषणा ठेवणे हीच दुरुस्ती होय.

मे २०२४ मधील १४ व्या आवृत्तीचा बदल अधिक खोल होता. घोषणा न केलेले फलन वापरल्यास ते पूर्णांक परत करते असे गृहीत धरण्याची सी भाषेची जुनी सवलत १९९९ च्या मानकाने काढून टाकली होती. परंतु जीसीसी पाव शतक केवळ इशारा देत राहिला. चौदाव्या आवृत्तीपासून तो दोष मानला गेला. हा निव्वळ काटेकोरपणा नव्हे. सध्याच्या ६४ बिटी यंत्रावर स्मृतीतील पत्ता ६४ बिटांचा व पूर्णांक ३२ बिटांचा असतो. पत्ता परत करणाऱ्या फलनाची घोषणा राहिली, तर अर्धा पत्ता कापला जातो व आज्ञावली कोसळते. परंतु या कडकपणाची दुसरीही बाजू आहे. अनेक जुन्या ‘कॉन्फिगर’ संहितांतील चिमुकल्या चाचणी-आज्ञावलींतच योग्य हेडर घातलेले नसते. नवा कंपायलर त्या नाकारतो, ‘कॉन्फिगर’ त्याचा अर्थ सोय उपलब्ध नाही असा घेते, आणि एखादा उपयुक्त भाग वगळून बांधणी सुरळीत पार पडते. कोणाला काही कळतही नाही. म्हणून कंपायलर बदलल्यावर जुन्या व नव्या ‘कॉन्फिग.लॉग’ फाइलींतील उत्तरे ताडून पाहणे इष्ट असते.

लिंकरचा ठरलेला संदेश म्हणजे ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’. एखाद्या फलनाची घोषणा मिळाली पण कृती सापडली नाही, असा त्याचा अर्थ. हेडर घातले असताना हा दोष का यावा, असे नवशिक्यास वाटते. हेडर म्हणजे लायब्ररी नव्हे हे तेथे लक्षात घ्यावयाचे असते. लायब्ररीचे नाव आज्ञेत असूनही हा संदेश आला, तर क्रम तपासावा. स्थिर लायब्रऱ्या लिंकर डावीकडून उजवीकडे एकदाच चाळतो व त्या क्षणी ज्यांची गरज नोंदलेली आहे तेवढेच भाग उचलतो. लायब्ररी आधी व तिची गरज असलेली ऑब्जेक्ट फाइल नंतर लिहिल्यास काहीच उचलले जात नाही. सी व सी++ या भाषा एकत्र आल्या की आणखी एक कारण संभवते. सी++ चा कंपायलर फलनाच्या नावात त्याच्या निविष्टींचे प्रकार गुंफून नाव बदलतो; ‘एक्स्टर्न सी’ अशी सूचना नसल्यास दोहोंची नावे जुळत नाहीत.

काही दोष आज्ञावलीशी संबंधितच नसतात. कंपायलर ‘किल्ड’ एवढा एकच शब्द छापून मेला, तर बहुधा स्मृती संपल्याने कार्यकारी प्रणालीने त्यास मारलेले असते. एलएलव्हीएमसारख्या प्रचंड प्रकल्पात अखेरची जोडणी एकेका कामास कित्येक गिगाबाइट स्मृती मागते. तेथे एकाच वेळी चालणाऱ्या कामांची संख्या घटविणे एवढाच उपाय पुरतो. निर्देशिकेच्या नावात मोकळी जागा असेल, तर मेक त्या नावाची दोन नावे समजते. देवनागरीत ठेवलेल्या नावांचे प्रत्येक अक्षरचिन्ह यूटीएफ-८ या संकेतनात तीन बाइट घेते व एक चिन्ह म्हणजे एक बाइट असे गृहीत धरून लिहिलेली जुनी साधने तेथे अडखळतात. बांधणीपुरती तरी रोमन लिपीतील, जागा नसलेली नावे ठेवावी लागतात, ही गोष्ट मराठी वाचकास रुचणारी नसली तरी खरी आहे.

दोष केव्हा शिरला हे शोधण्यासाठी गिटमध्ये ‘बायसेक्ट’ ही सोय आहे. बांधणी होत असलेली एक जुनी व न होणारी एक नवी अवस्था दिली की ती मधली अवस्था तपासावयास देते व प्रत्येक वेळी उरलेला पल्ला निम्मा करते. हजार बदलांतून दोषी बदल सुमारे दहा चाचण्यांत सापडतो. मधल्या एखाद्या अवस्थेची बांधणी दुसऱ्याच कारणाने होत नसेल, तर ती वगळण्याची मुभा असते. ती विसरल्यास निष्पाप बदलावर ठपका येतो.

एक्सझेड प्रकरण : बांधणी-व्यवस्थेकडे दुर्लक्ष केल्याने काय होऊ शकते याचे उदाहरण २०२४ मध्ये जगासमोर आले. माहितीचे संपीडन करणाऱ्या एक्सझेड या मुक्त स्रोत प्रकल्पाच्या ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत, दोन वर्षांहून अधिक काळ सहकार्य करून विश्वास संपादन केलेल्या एका टोपणनावधारी सहभागी व्यक्तीने चोरवाट घातली होती. ती मूळ सी फाइलींत नव्हतीच. प्रकल्पाच्या चाचणीसाठी ठेवलेल्या, मुद्दाम बिघडविलेल्या वाटणाऱ्या फाइलींत ती दडविलेली होती, आणि तिला बाहेर काढणाऱ्या ओळी ‘कॉन्फिगर’ निर्माण करण्यास लागणाऱ्या एका एम४ फाइलीत होत्या. या फाइलीचे बदललेले रूप सर्वांना दिसणाऱ्या गिट भांडारात नव्हते. केवळ प्रकाशित गठ्ठ्यात होते. डेबियन किंवा आरपीएम पद्धतीचा गठ्ठा बांधला जात आहे असे आढळले तरच त्या ओळी जाग्या होत. दूरस्थ यंत्रात प्रवेश देणाऱ्या एसएसएच सेवेशी ही लायब्ररी काही वितरणांत अप्रत्यक्षपणे जोडलेली असल्याने धोका मोठा होता. पोस्टग्रेस या माहिती-व्यवस्थेवर काम करणारे आंद्रेस फ्रॉइंड यांना प्रवेशास सुमारे अर्धा सेकंद अधिक लागत असल्याचे आढळले. त्याचा माग काढीत त्यांनी २९ मार्च २०२४ रोजी हा प्रकार उघड केला. तोवर या आवृत्त्या बहुतांशी वितरणांच्या चाचणी-शाखांतच पोहोचल्या होत्या.

याच प्रकल्पात नंतर आढळलेली एक लहान गोष्ट प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अधिक बोलकी आहे. लॅन्डलॉक ही संरक्षक सोय यंत्रावर आहे काय हे पाहणाऱ्या सीमेकच्या चाचणी-आज्ञावलीत एका ओळीच्या आरंभी एक पूर्णविराम टाकलेला होता. त्या एका टिंबामुळे चाचणीची बांधणी कधीच होत नसे, उत्तर नेहमी नकारार्थी येई व संरक्षण मुकाट्याने वगळले जाई. बांधणीतील अपयश हेच उत्तर मानण्याच्या पद्धतीत चूक व उत्तर यांत भेद करता येत नाही, हे यात दिसून आले.

केन टॉमसन यांनी ट्यूरिंग पारितोषिक स्वीकारताना दिलेल्या व १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानात कंपायलरमध्येच दडविलेली चोरवाट मूळ फाइल वाचून सापडणार नाही हे दाखवून दिले होते. तिला एक उत्तर म्हणून ‘पुनरुत्पाद्य बांधणी’ ही चळवळ २०१३ पासून डेबियन प्रकल्पात जोमाने सुरू झाली. त्याच मूळ फाइलींपासून, तीच साधने वापरून, कोणीही बांधणी केली तरी अखेरची फाइल बाइटशः तीच यावी असा तिचा आग्रह आहे. तसे होण्यात तयार फाइलीत शिरणारी बांधणीची वेळ, निर्देशिकेचे नाव व फाइली वाचल्या जाण्याचा क्रम या गोष्टी आडव्या येतात. यांपैकी वेळेसाठी ‘सोर्स-डेट-एपॉक’ हा सामाईक संकेत ठरविण्यात आला असून तो दिल्यास साधने चालू वेळेऐवजी त्यातील ठराविक वेळ नोंदवितात. मात्र एक्सझेडसारख्या प्रकारात, जेथे गठ्ठाच भांडाराहून भिन्न असतो, तेथे या पद्धतीचा उपयोग गठ्ठा बाजूला ठेवून भांडारातील फाइलींपासून बांधणी केली तरच होतो, आणि काही वितरणांनी त्यानंतर त्या दिशेने पावले टाकली आहेत.